आईची हँडबिलं

नाटक ही रिकामटेकड्यांची करमणूक आहे, असं मी विसाव्या वर्षी लिहून, छापून, मिलच्या दारात उभं राहून वाटलेलं आहे. ते मी मागे घेत नाही. दिवसभर साच्यावर उभं राहायचं आणि पगार हातात पडला की लाकडी सिंहासनावरच्या राजाचं दुःख बघायला जायचं, ह्याचा मला तेव्हा संताप यायचा, आजही येतो. पण ते पत्रक मी ज्या घरात बसून लिहिलं त्याच घरात, माझ्या पाठीमागं, पत्र्याची एक पेटी होती. तिच्याबद्दल लिहायचं आहे, आणि मी तिचं काय केलं त्याबद्दल.

पेटी आईची. तिच्यात लुगडी नव्हती, दागिना असण्याचा प्रश्नच नव्हता. नाटकांची हँडबिलं होती. कंपनी गावात आली की दोन माणसं टांग्यात बसून ढोल बडवत पेठांतून फिरायची आणि मागं पातळ रंगीत कागद उधळायची, तीच ही. गुलाबी, पिवळी, हिरवट. वर कंपनीचं नाव कमानीसारखं वळवलेलं, खाली मोर नाहीतर हार धरलेल्या दोन पऱ्या, मग नटांची वारेमाप स्तुती, आणि तळाशी 'बायकांची बसण्याची व्यवस्था स्वतंत्र'. छपाई एका बाजूला. दुसरी बाजू कोरी.

आईला वाचता येत नव्हतं, आणि ती जन्मात कधी थेटरात गेली नव्हती. आधी सासू होती, मग आम्ही पोरं, मग सवय.

माझे वडील मिलच्या गोदामात गाठी हलवायचे. कंपनी बार्शीकडची गाडी धरून, कुर्डुवाडीला पेट्या बदलून आपल्या गावात उतरली, की महिना दीड महिना ते संध्याकाळी थेटराच्या दारावर तिकिटं फाडायला उभे राहायचे. अर्धं तिकीट माणसाला परत, अर्धं आपल्याकडं. खेळ संपल्यावर ते अर्धे तुकडे केरात जायचे. त्या केरातून ते जनान्याच्या तिकिटाचा एक स्वच्छ तुकडा हुडकायचे आणि त्या दिवशीच्या हँडबिलाच्या कोपऱ्यात खळीनं चिकटवायचे. दुसऱ्या दिवशी आई भाकरी थापायला बसली की तो कागद तिच्यापुढं धरायचे.

"हे घे तुजं तिकीट. बस म्होरं, पयल्या वळीत."

आणि मग नाटक सांगायचे. सगळं. कोण कुठून आलं, कुणाचा शालू कुठल्या रंगाचा, कुणाची मिशी घामानं सुटली. पदं म्हणायचे, तीही बेसूर. आई परातीतलं पीठ मळत हसायची. "गाऊ नगा वो, भाकर करपती." भाकर खरोखरच करपायची. आम्ही ती शेंगाचटणीबरोबर खायचो आणि राजा वनवासाला गेलेला असायचा.

मी चौदा वर्षांचा असताना वडील तापानं गेले. शेवटचं हँडबिल हिरवं होतं. त्यानंतर पेटीत नवा कागद पडला नाही. कधीतरी दुपारी आई ते सगळे कागद काढून जमिनीवर मांडायची. चित्रावरून आणि रंगावरून तिला प्रत्येक ओळखता यायचं. मोरवालं, पऱ्यांचं, तिरकं छापलेलं. तोंडानं काहीतरी पुटपुटत एकेकावर बोट ठेवायची आणि पुन्हा आपल्या क्रमानं ठेवून द्यायची. मी तेव्हा पत्रकं वाचत असायचो. माझी पाठ तिच्याकडं असायची.

मग गावात इंग्रज सरकारची बंदी आली. डोक्यावर पांढरी टोपी दिसली की मार, चार माणसं एकत्र दिसली की मार. छापखान्यांना कुलपं पडली. कागदाच्या दुकानासमोर शिपाई बसवला, आणि कोरे ताव मागणाऱ्याचं नाव-गाव तो लिहून घ्यायचा. आमचं बुलेटिन तरीही निघायचं. बाळीवेशीत माझ्या एका मित्राची मागल्या बोळात खोली होती, तिथं. पत्र्याच्या उथळ ताटात सरस आणि ग्लिसरीन वितळवून थिजवायचं, जांभळ्या शाईनं लिहिलेला मजकूर त्याच्यावर पालथा दाबायचा, की अक्षरं त्या थरात उतरतात. मग एकेक कोरा कागद दाबून उचलायचा. पन्नासेक प्रती निघतात. बोटं आठवडाभर जांभळी राहतात, आणि पोलीस आधी बोटंच बघायचे.

एके दिवशी कागद संपला. मित्र डोक्याला हात लावून बसला.

"वाण्याच्या पुड्यांचा कागद आणू का?"

"तेलकट असतो. शाई धरत नाही." मी म्हणालो. "माझ्या घरी आहेत. पाठकोरे. गठ्ठाच आहे."

मी विचार करून, घालमेल होऊन, देशासाठी मन घट्ट करून हे बोललो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला काहीच वाटलं नाही. आई पाण्याला गेली होती. मी पेटी उघडली, गठ्ठा सदऱ्याखाली घातला आणि निघालो.

खोलीवर अडचण आली. कोपऱ्यातल्या तिकिटांच्या जाडीमुळं कागद ताटावर सपाट बसेना, तिथली अक्षरं उमटेनात. मी नखानं ती तिकिटं उचकटायला बसलो. खळ वाळलेली होती, पटापट सुटली.

"हे काय चिकटवलंय?" मित्रानं विचारलं.

"काही नाही. जुनी तिकिटं."

सरस वितळवायला शेगडी पेटवलेली होती. तिच्यात टाकली.

चिकटवायला खळ लागणार होती. आमच्या शेजारी साखर पेठेकडून राहायला आलेलं विणकर कुटुंब होतं. घरात माग, आणि सुताला लावायला खळीचं भांडं कायम चुलीजवळ. त्या घरच्या बाईला मी मावशी म्हणायचो. "पुस्तकांना पुठ्ठे लावायचेत मावशी," असं सांगून डबाभर खळ आणली. पहाटे, पहिला भोंगा व्हायच्या आत, आम्ही कागद लावून मोकळे झालो. नाटकाची बाजू भिंतीला, आमची बाजू जगाला. मित्राला मस्ती आली, त्यानं एक थेट पोलीसचौकीच्या भिंतीवर लावला. उजाडताना मी मिलच्या रस्त्यावर उभा राहून बघत होतो. ज्याला वाचता येतं तो मोठ्यानं वाचतोय, बाकीचे ऐकतायत, शिपाई दिसला की पांगतायत. अभिमानानं मला भूक लागेना.

आई सकाळी बाजारात गेली होती, आणि वाटेत भिंतीभिंतीवर ते गुलाबी, पिवळे कागद होतेच. ती रिकामी पिशवी घेऊन परत आली, सरळ पेटीकडं गेली आणि झाकण उघडून तशीच बसून राहिली.

"माजी पेटी कुनी उगडली?"

"मी."

"कागद कुटं हायती?"

"गावासाठी लागले आये. पाठकोरे होते. नुसते पडून होते, कामात आले."

"ते माज्या कामात व्हते की."

एवढंच. मला तिनं भांडायला हवं होतं. भांडणात मी हरत नसे. माझ्याकडं उत्तरं तयार होती, परकी सत्ता, भुकेले कामगार, एक कागद आणि एक देश. ती विचारायचीच थांबली, मग ती उत्तरं कुणाला देणार? तिनं तांब्या घेतला, एक फडकं घेतलं आणि पदर खोचून बाहेर पडली.

दुपारी मित्र आला. धापा टाकत, लालबुंद.

"तुझी आई सरकारला सामील झाली!"

"काय बडबडतोस?"

"भिंतीवरचे कागद काढत फिरतीय! ती आणि ती तुमची विणकरीण. बोळातले सगळे काढले. हवालदारानं बघितलं आणि तिला काय म्हणाला माहितेय? 'शाबास बाई.' सगळ्या पेठेसमोर, शाबास बाई! लोक हसतायत. पुढाऱ्याची आई पोलिसांची शाबासकी घेतीय म्हणून."

"ती सरकारला सामील नाही," मी म्हणालो. "ती नाटकाला सामील आहे."

"तू आत्ताच्या आत्ता जाऊन थांबव तिला."

मी गेलो. थांबवायलाच गेलो होतो, हे कबूल करतो.

त्या दोघी साखर पेठेच्या वळणावर सापडल्या. मावशी कोमट पाण्याची कळशी घेऊन उभी होती. आई ओलं फडकं कागदावर दाबून धरत होती. मला बघून मावशीच बोलली, तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत.

"पुस्तकाला पुट्टे लावतो म्हन्ला ना? ये, बघ तुजी पुस्तकं." आणि आईला म्हणाली, "अक्का, ओढू नको. खळीला घाई चालत नाही. पाणी पिऊ दे तिला. फुगली की आपण होऊन सोडते."

मी बघत राहिलो. फडक्याच्या पाण्यानं आमची जांभळी अक्षरं फुटली, पसरली, ओघळली. जुलूम, धिक्कार, बंधूंनो, सगळं भिंतीवरून खाली आईच्या कोपरापर्यंत वाहत आलं. मग ती कडेला नख घालून, पोळी उलटावी तसा, हळूच कागद सोडवायची. आत छापखान्याच्या शाईचा मोर. त्याला पाण्यानं काहीएक झालेलं नव्हतं.

"थांबव आये," मी म्हणालो. "लोक काय म्हणतील?"

"काय म्हनत्यात?"

"तू सरकारच्या बाजूची म्हणतात."

"मग सांग की त्येंना. तुला बोलाया येतं." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "धर हे. दोनी हातांनी धर, फाटंल."

मी धरला. ओला कागद, तान्ह्या पोरासारखा दोन्ही तळव्यांवर. त्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकोन होता, बाकीच्या कागदाहून गडद गुलाबी. तिकिटाखाली ऊन-वारा लागला नव्हता, म्हणून तेवढाच जुना रंग राहिलेला. शेगडीत टाकलेली तिकिटं मला तेव्हा पहिल्यांदा आठवली. आईनंही तो चौकोन बघितला. तिनं फडकं पुढच्या कागदावर दाबलं.

संध्याकाळ व्हायच्या आत जेवढे साधले तेवढे काढले. काही फाटले होते, काही लोकांनी आधीच ओरबाडले होते, एक शेळी चघळत होती. आई प्रत्येक कागद उलटून बघायची आणि मान हलवायची. ती हिरवा हुडकत होती, हे मला कळत होतं, आणि हिरवा कुठं लावलाय हेही मला ठाऊक होतं. कळशी रिकामी झाल्यावर मी सांगून टाकलं.

"हिरवा चौकीवर आहे."

आईनं पदर सावरला आणि चौकीकडं चालू लागली. तिला एकटी जाऊ द्यायची माझी हिंमत झाली नाही, आणि बरोबर जायचीही नव्हती. दोन्ही हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून मागं मागं गेलो.

चौकीच्या पायरीवर सकाळचाच हवालदार बसला होता. उतारवयाचा, मेंदी लावलेली दाढी. त्याच्या शेजारी फाडून आणलेल्या कागदांचा ढीग. हिरवा वरच होता.

"सायेब, माजा कागद द्या."

"तुमीच व्हय? आओ बाई. कुठला कागद?"

"त्यो. हिरवा."

"तो राजद्रोहाचा कागद आहे बाई. मुद्देमाल आहे."

"त्येची एक बाजू माजी हाय. तेवडीच द्या."

हवालदार हसायला लागला. आई हसली नाही. ती खाली बसली, चौकीच्या रांजणातून तांब्या बुडवून घेतला, हिरवा कागद मांडीवर पसरला आणि फडक्यानं पुसायला लागली. मला वाटलं, आता काठी पडणार. पण तो नुसता बघत राहिला. इंग्रज सरकारविरुद्ध मी लिहिलेलं सगळ्यात जळजळीत वाक्य इंग्रज सरकारच्याच पाण्यानं धुऊन निघालं. आईनं कागद उलटा केला.

"अरे," हवालदार पुढं वाकला, "ये तो मी बघितलंय. मी बंदोबस्ताला होतो. दारावर एक उंच माणूस असायचा बघा, जो येईल त्याला म्हणायचा, 'बसा, म्होरं बसा.' जागा असो का नसो! मागच्या बाकावरच्या माणसालाबी, म्होरं बसा!"

"त्येच," आई म्हणाली.

हवालदाराची नजर आईच्या मोकळ्या कपाळावर गेली. मग त्यानं दाढीवरून हात फिरवला. "अल्ला. कधी?"

"त्याच साली. पावसाळ्यात."

तो उठून ढिगाकडं गेला आणि त्यातले आणखी दोन रंगीत कागद काढून आईच्या हातात दिले. मग त्याची नजर माझ्यावर आली. "हा कोण?"

"माजा ल्योक. मला कागद काडू लागतोय."

"हात दाखव रे."

मी हात बाहेर काढले. नखांपर्यंत जांभळे.

"आमचं असंच झालंय," आई म्हणाली आणि आपले दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. कोपरापर्यंत जांभळे. "दिसभर त्येच धुतोय की."

हवालदार एकदा तिच्या हातांकडं, एकदा माझ्या हातांकडं बघत राहिला. तो मूर्ख नव्हता. "घरी जा," तो म्हणाला. "आणि साबण लावा."

घरी दोरी बांधून आम्ही कागद वाळत घातले. आई एकेका कागदाजवळ जाऊन त्या गडद चौकोनावर बोट ठेवायची. शेवटी जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं.

"तिकिटं कुटं ठेवलीस?"

मी शेकडो लोकांसमोर बोललेलो आहे. मार खाताना घोषणा दिलेल्या आहेत. पण त्या दिवशी, त्या चुलीपुढं, दोन शब्द तोंडातून निघायला जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नाही.

"जाळली आये."

आई खाली बसली. पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागली. पहिली भाकरी तव्यावर पडल्यावर मी विचारलं, "मी मागितले असते कागद, तर दिले असतेस?"

"न्हाय."

"मग?"

"तरीबी मागायचंस की."

आम्ही लोकांच्या नावानं मागण्या करतो, सरकारकडं मागतो, मालकाकडं मागतो. घरच्या माणसाकडं मागायचं मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि हा काही कुणाचा दोष नव्हे, माझाच.

पुढं बंदी उठली. छापखाने उघडले, आमची पत्रकं पुन्हा खऱ्या टायपात निघायला लागली. आणि एका दुपारी चौकातून ढोलाचा आवाज आला. कंपनी आली होती. मी तेव्हा मित्राबरोबर मिलच्या दाराशी पत्रकंच वाटत होतो. टांगा वळला, मागं पिवळे कागद उडाले. मी हातातला गठ्ठा मित्राच्या हातात कोंबला आणि टांग्यामागं धावलो. गटाराच्या काठावरून एक कागद उचलला, सदऱ्यानं पुसला.

"वा पुढारी!" मित्र मागून ओरडला. "आता राजा-राणीचा प्रचार का?"

"होय," मी ओरडलो. "तू तेवढी क्रांती आवर, मी आलोच."

आईनं तो कागद उजेडाला धरला, चित्र बघितलं. आनंद झालेला दिसत होता, पण ती कोपऱ्यावर अंगठा फिरवत राहिली.

"ह्येला तिकीट न्हाय."

"चल, मीच नेतो तुला. जनान्यात बसवतो. आता कोण आहे अडवायला?"

"मी नगं. नाटक बगायचं असतं तर त्येंनीच नेलं असतं की मला कवाच. तू जाऊन ये, आन मला सांग."

गेलो. आयुष्यात पहिल्यांदा पैसे मोजून नाटकाला गेलो, मागच्या बाकावर बसलो आणि पूर्ण वेळ चरफडत होतो. बाहेर पडताना दारावरच्या माणसाकडं जनान्याचा एक तुकडा मागितला. मागितला, उचलला नाही. त्यानं मला वेड्यात काढलं, पण दिला.

दुसऱ्या दिवशी आई भाकरी थापायला बसली. मी मावशीकडून बोटभर खळ आणून तिकीट चिकटवलं होतं. कागद तिच्यापुढं ठेवला आणि सुरुवात केली. राजा असा, राणी तशी, प्रधान कपटी.

"वरडू नगं," आई म्हणाली. "सभा न्हाय ही. रानी कुटं बसली व्हती?"

मला आठवेना. मी आठवायचा खरंच प्रयत्न केला. राणी कुठं बसली होती, काय नेसली होती, काही काही डोक्यात राहिलं नव्हतं. डोक्यात राहिलं होतं ते एकच, आणि ते मी रागारागानं सांगून टाकलं.

"राणीच्या मागं एक दासी होती आये. पंखा घेऊन. तीन अंक उभी. तिला एक शब्द दिला नव्हता बोलायला. एक शब्द नाही! मधे एकदा तिनं पाय बदलला, तेवढंच. आणि त्या राणीचं दुःख बघून सगळे रडतायत."

आईचा हात परातीवर थांबला.

"तीन अंक?"

"पूर्ण."

"बाय गं," आई म्हणाली आणि माझ्याकडं वळून बसली. "मग? कशी व्हती दिसायला? सांग की."